पिंजऱ्याची जागा

तेरच्या स्टँडवर शिवकन्या बसमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात डाळिंबांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने ती पदर सावरत होती. हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या मल्हारने तिला पाहिलं. एरवी तो "काय ताई, माहेरपणाला व्हय?" असं लांबूनच ओरडायचा. आज तो काही न बोलता उठला, रस्ता ओलांडून आला आणि तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली.

"चला, म्या येतो घरापतूर."

शिवकन्येने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती चालायला लागली आणि चालता चालता पळायला लागली.

तिची आई, सोजर, सकाळी साडेआठला गेली होती. शिवकन्या तेव्हा जळकोटहून निघालेल्या बसमध्ये होती. बलभीमचा पुतण्या योगीराज फोन लावत होता, पण तिच्या वडिलांनीच, बलभीमनेच, त्याला अडवलं. वाटेत असलेल्या माणसाला वाईट कळवू नये, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणून एकुलत्या एका लेकीला आई गेल्याचं मल्हारच्या तोंडावरून कळलं.

आईच्या पायांवर डोकं ठेवून ती बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा वडिलांना एवढंच म्हणाली,

"आण्णा, काल फोनवर तुमी सवडीनं ये म्हणलाव."

बलभीम अंगणात बसला होता. त्याने जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. त्यानंतर शिवकन्या दिवसभर बोलली नाही आणि रडलीही नाही. भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. शेजारच्या धुरपदाबाई इतर बायकांना म्हणाल्या, "हिला रडवा गं कुणी. आत ऱ्हायलं की बाधतंय."

संध्याकाळी, सगळं आटोपून माणसं परतल्यावर, माजघरात जिथं सोजरचा जीव गेला होता तिथं धुरपदाबाईंनी शेणाने सारवलं. ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, तळहाताने सपाट केलं, बाजूला दिवा लावला आणि वरून पाटी पालथी घातली. गेलेलं माणूस पुढचा जन्म कशाचा घेणार, त्याचं पाऊल रात्रीतून त्या पिठावर उमटतं म्हणतात. सकाळी पाटी उचलून बघायचं.

बलभीमला अशा गोष्टींचं फारसं काही वाटत नसे. पण पहाटे तो सगळ्यांच्या आधी उठला आणि त्याने पाटी उचलली. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती. शिवकन्या दाराशी भिंतीला टेकूनच झोपली होती, तोंड उघडं, हातातल्या बांगड्या मनगटाशी गोळा झालेल्या. बलभीमने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्याने उजव्या हाताच्या बोटांनी पिठावर तीन रेघा पुढे आणि एक मागे ओढली. बाजूला तसंच आणखी एक पाऊल काढलं. खळ्यावरच्या फुफाट्यात त्याने जन्मभर अशी पावलं पाहिली होती. पाटी पुन्हा झाकली आणि तो हात धुवायला बाहेर गेला.

सकाळी बायका जमल्या. धुरपदाबाई वाकून म्हणाल्या, "पाखराचं हाय गं. बग, नीट बोटं उमटल्यात. सुटली बाई."

शिवकन्या गुडघ्यांवर बसली. पिठाच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने ती पावलं पाहिली. आणि मग ती मोठ्याने रडली. दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली. बलभीमला वाटलं, काम झालं.

*

पाडवा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा शिवकन्या परत आली. या वेळी मांडीवर पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात मुठीत मावेल एवढं हिरवं-पिवळं पाखरू होतं, गालावर निळे ठिपके.

"तुळजापुरात घेतलं. लव्हबर्ड म्हणत्यात ह्येला. पोपट पाळायला बंदी हाय, ह्येला न्हाय," ती चपला काढता काढता म्हणाली. "कंडक्टर म्हणला, पाखराचं हाफ काढू का फुल?"

"मग?"

"म्हणलं, खिडकीची शीट दिलास तर फुल काढ."

बलभीम हसला. त्याने पिंजरा हातात घेतला, तो त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलका निघाला. पाखरू दांडीवर सरकत सरकत पार टोकाला गेलं.

"दुकानदार म्हणत व्हता जोडी घ्या," शिवकन्या म्हणाली. "म्या म्हणलं, एकच पायजे. आमची एकच हाय. त्यो बगतच ऱ्हायला."

बलभीमने पिंजरा ओसरीवर ठेवला. आमची एकच हाय, या शब्दांचा अर्थ त्याच्या डोक्यात हळूहळू उतरला. तो पाणी आणतो म्हणून आत गेला आणि रांजणापाशी जरा वेळ नुसताच उभा राहिला.

धुरपदाबाई आवाज ऐकून आल्याच. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग बलभीमकडे.

"काय रं बलभीमा? जलमभर रानात माळ्यावर हुबा ऱ्हाऊन गोफणीनं पाखरं हाणलीस. आता पाळायलास व्हय?"

"माझ्या लेकीनं आणलंय. म्या कुठं मागितलं?"

"खातंय काय ह्ये?"

"राळं," शिवकन्या म्हणाली. "पुडी दिलीय."

"राळं? आगं, आमी लहानपणी राळ्याचा भात खाल्लाय. आता पाखरं खाऊ लागली. बरं हाय बाबा, त्येंचे दिस आले."

पिंजरा ठेवायचा कुठं, यावर मग बोलणं सुरू झालं. अंगणातल्या लिंबाला टांगा, असं धुरपदाबाई आधी म्हणाल्या आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, नको, मांजर चढतंय, कावळे टोचतील. चुलीपाशी धूर. न्हाणीच्या बाजूला ओल. नव्या खोलीवर पत्रा होता, दुपारी तिथं माणूस बसू शकत नव्हतं.

बलभीमची जागा बघायची एक रीत होती. बैल नवा आणला की तो गोठ्यात आधी स्वतः जाऊन बसायचा, वारा कुठून येतो, पाऊस कुठून मारतो ते अंगावर घेऊन मग खुंटा ठोकायचा. तसाच तो आता एकेका जागी जाऊन बसला. दाराच्या चौकटीपाशी बसला. खिडकीखाली आपल्या खाटेवर बसला. ओसरीच्या उगवतीच्या टोकाला, ज्वारीची पोती रचली होती त्याच्या आडोशाला, जास्त वेळ बसला. तिथं सकाळचं ऊन यायचं आणि नऊला निघून जायचं. वारा पोत्यांवरून यायचा, अंगावर येत नव्हता.

"इथं बरं हाय," तो म्हणाला.

"आण्णा, म्या जागा ठरवूनच आणलंय." शिवकन्येने पिंजरा उचलला, माजघरात गेली आणि जिथं दिवा लावला होता त्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यावर तिने तो ठेवला. "ती इथंच बसायची की."

मातीच्या जुन्या माळवदाखालची ती खोली. वर वीतभर झरोका, बाकी चारी बाजूंनी भिंती. उन्हाळ्यात गार, पण अंधारी.

"अंदार हाय गं तिथं," बलभीम म्हणाला.

"तिला सवय हाय."

धुरपदाबाईंनी बलभीमकडे पाहिलं. बलभीमने मान खाली घातली. जागा वाईट आहे असं तो सांगू शकत होता. पण ती ज्या कारणासाठी तिथं ठेवत होती ते कारणच खोटं आहे, हे सांगितल्याशिवाय तिला ते पटणार नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी पाखराने राळ्याला चोच लावली नाही. पिसं फुगवून दांडीवर बसून राहिलं. शिवकन्या कामं करता करता त्याच्याशी बोलायची. "आई, बग, पापड वाळत घातलेत." "आई, तुझ्या नातीला गणितात किती पडले सांगू?" बलभीम आत आला की ती गप्प व्हायची आणि उगाच डब्यावरची धूळ पुसायची.

सकाळी ती न्हाणीत गेली की बलभीम पिंजरा उचलून ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवायचा. उन्हात आल्यावर पाखरू आधी डोळे मिचकवायचं, मग पिसं झटकायचं, मग खाली उतरून टिपायला लागायचं. एकदा तर ते बोललंही, बारीक, लागोपाठ, जसं काही कुणाशी भांडतंय. बलभीम पोत्याला टेकून ऐकत बसायचा. न्हाणीतला तांब्याचा आवाज थांबला की पिंजरा परत डब्यावर. पाखरू परत गोळा होऊन बसायचं, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर झरोक्याचा एवढासा उजेड पडायचा, म्हणून ते तिकडे वळायचं. हे बलभीमला कळत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शिवकन्या तांदूळ निवडत माजघराच्या उंबऱ्यावर बसली होती. बलभीम आत दिवा लावायला आला.

"आण्णा, ती माझ्याकडं पाठ करून बसती."

"कोण?"

"बगा की तुमी. म्या आले की तिकडं वळती. खात न्हाय, बोलत न्हाय." ती ताटातला एक खडा नखाने बाजूला सरकवत राहिली. "रुसलीय ती. म्या उशिरा आले म्हणून."

बलभीमच्या हातातली काडी विझली. त्याने दुसरी ओढली.

"पाखरू हाय ते, शिवा."

"त्या दिशी तिनं काय म्हणलं नव्हतं का? एकदा बी? पोरीला बोलवा म्हणून?"

जायच्या आदल्या संध्याकाळी सोजर खाटेवर उठून बसली होती. धाप लागली होती तरी तिने स्पष्ट सांगितलं होतं, "शिवाला बोलवा. आजच बोलवा." तो फोन घेऊन अंगणात गेला तेव्हा तिने आतून पुन्हा हाक मारून सांगितलं होतं, "आजच म्हणून सांगा." आणि अंगणात उभं राहून त्याने लेकीला सांगितलं होतं, जरा धाप लागतीय, काळजीचं काही नाही, सवडीनं ये. लेकीला घाईने बोलावलं असतं तर दुखणं खरं ठरलं असतं. त्याला ते खरं ठरू द्यायचं नव्हतं. आत जाऊन त्याने सोजरला सांगितलं, निघतीय ती. सोजर रात्री दोनदा दाराकडे बघून पुन्हा पडली होती.

"आण्णा?"

"ती झोपेतच व्हती गं," बलभीम म्हणाला. "गोळीची गुंगी व्हती."

शिवकन्येने मान हलवली. तांदळाचं ताट घेऊन ती उठली. जाता जाता पिंजऱ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "खा की गं. किती दिस रुसशील?"

त्या रात्री बलभीम जेवला नाही. पोट जड आहे म्हणाला.

*

सकाळी शिवकन्या रोजच्यासारखी न्हाणीत गेली. बलभीमने पिंजरा बाहेर नेला. पाखरू टिपायला लागलं, वाटीतलं पाणी प्यालं. पण त्या दिवशी ती लवकर आटोपून आली, केस ओलेच, आणि थेट चुलीपुढे बसून तिने परातीत पीठ चाळायला घेतलं. बलभीमला तांब्याचा आवाज थांबल्याचं कळलंच नव्हतं. परातीचा आवाज आल्यावर तो पिंजरा घेऊन गडबडीने आत आला. पाणी ठेवताना पिंजऱ्याच्या दाराची कडी नीट बसली नव्हती. उंबऱ्यात पिंजरा जरा हिंदकळला आणि दार उघडलं.

पाखरू भिंतीवर आपटलं, खाली घसरलं, पुन्हा उडालं आणि शिवकन्येच्या पुढ्यातल्या परातीत उतरलं. चाळलेल्या पिठावरून ते तुरुतुरु चाललं, काठापर्यंत गेलं, परत फिरलं. शिवकन्येने पदर टाकून त्याला धरलं. बलभीमने पिंजरा पुढे केला. पाखरू आत गेलं. त्याने या वेळी कडी दोनदा दाबून बघितली.

"ह्येला बाहेर कोण नेलतं?"

"म्या. रोज नेतो. तू आंगुळीला गेलीस की."

"कशाला?"

"उनात खातंय ते. रोज खातंय. बोलतंय बी."

ती काही म्हणणार होती, पण तिचं लक्ष परातीकडे गेलं. पीठ बारीक होतं, त्यावर पावलं स्वच्छ उमटली होती. दोन बोटं पुढे, दोन मागे, फुलीसारखी. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सगळी तशीच.

शिवकन्या वाकली. त्या दिवशी वाकली होती तशी, अगदी जवळ तोंड नेऊन. बलभीम उभाच होता. चुलीत लाकूड तडकलं.

"दोन म्होरं, दोन मागं," ती म्हणाली.

बलभीमने पिंजरा खाली ठेवला.

"तवा तीन व्हती म्होरं. मागं एकच व्हतं." तिने आपला हात पुढे करून हवेतच तीन बोटं टेकवल्यासारखी केली आणि तो हात तसाच थांबवला. मग तिने वर बघितलं. बलभीमचा उजवा हात बंडीच्या खिशात जात होता. तो पुरता आत जाईपर्यंत ती त्या हाताकडे बघत राहिली.

बाहेर धुरपदाबाई कुणाच्या तरी शेळीला शिव्या देत होत्या. "आगं ए भवाने, तुझ्या मालकाच्या दारात काय पाला उगवत न्हाय का?" शेळी ओरडली. शिवकन्येने परात जवळ ओढली.

"मग ती चिमणी असंल," ती म्हणाली.

"असंल," बलभीम म्हणाला.

"चिमणीला कोण पिंजऱ्यात घालतंय."

तिने तळहाताने पीठ एकदा सारखं केलं, मधे खळगा केला आणि आधणाचं पाणी ओतलं. वाफ आली. मळता मळता तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले, तिथं पीठ लागलं.

"म्हंजे ह्ये माझ्यावर रुसलं नव्हतं."

"न्हाय गं. अंदार व्हता नुसता."

"आन् ह्येला कुठं ठेवायचं ते तुमी बगा. तुमाला कळतंय ते." तिने गोळा तोडला. "मला सांगायचं तरी, आण्णा. एवढे दिस अंदारात ठेवलं की बिचाऱ्याला."

बलभीम तिथंच उभा होता. हात खिशातून बाहेर आला होता.

"शिवा."

"काय?"

तिची भाकरी परातीत गोल फिरत होती, थापेबरोबर मोठी होत होती. सोजरची फिरायची तशीच, डाव्या अंगाने.

"तुळईला तार बांदावी म्हणतो," बलभीम म्हणाला. "खाली ठेवलं तर मांजर सोडायचं न्हाय."

"बांदा की."

त्याने दुपारपर्यंत ते काम केलं. ओसरीच्या उगवतीच्या टोकाला तुळईभोवती तार गुंडाळली, आकडा वळवला, त्याला आधी तांब्या भरून टांगून बघितला. मग पिंजरा टांगला. तो डोक्याच्या वर राहिला, मांजराच्या उडीबाहेर, पण खाटेवर पडलं तरी दिसेल एवढा खाली. धुरपदाबाईंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "आता ह्येच्याबरोबर बोलत बसशील, आन् आमी बोलाया आलो की म्हणशील काम हाय." शिवकन्या हसली. तिने राळ्याची वाटी भरली आणि पाखराला पाखरासारखंच बोलावलं, ओठांनी आवाज काढून.

दुसऱ्या दिवशी ती जळकोटला गेली. बलभीम स्टँडपर्यंत गेला होता. बस यायला पाऊण तास लागला. ते दोघं मल्हारच्या बाकावर बसले, चहा प्याले, नातीच्या शाळेचं बोलले, तुरीचं बोलले. बस आली.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आधी विचारते, पाखरानं खाल्लं का, मग विचारते, तुम्ही जेवलात का. बलभीम ओसरीवर बसून बोलतो. पाखरू मधेच ओरडतं, तेही तिला ऐकू जातं आणि ती म्हणते, त्येला गप करा आधी. एखाद्या दिवशी तो फोन यायच्या आधी वाक्य मनात जुळवून ठेवतो, पहिला शब्द कुठला घ्यायचा तेही ठरवतो. फोन येतो, बोलणं होतं, ती ठेवते.

सोजरने तिला दोनदा बोलावलं होतं, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.